चौकच्या शाळेतला वास

महिपत गोरिवले गुरुजी हे नाकासमोर चालणारे गृहस्थ होते. रत्नागिरीकडच्या कुणब्याच्या घरातला मुलगा, घरात पहिलाच शिकलेला, पहिलाच नोकरीला लागलेला. एकोणीसशे त्रेसष्टच्या जूनमध्ये ते एक ट्रंक, एक वळकटी आणि एक स्टो घेऊन भाईंदरला उतरले आणि तिथून एसटीने उत्तनच्या पुढे चौकाला आले. चौक म्हणजे समुद्राच्या कडेचं कोळ्यांचं गाव. शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत चारही इयत्ता आणि दुसऱ्या खोलीत गुरुजी.

या शाळेचा लौकिक असा होता की तिथे मास्तर टिकत नसे. सहा वर्षांत सात मास्तर आले आणि गेले. कारण सांगायची गरज नव्हती. शाळेच्या तिन्ही बाजूंनी बोंबलांच्या वलांडी, म्हणजे बांबूचे मांडव, आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले बोंबील. चौथ्या बाजूला जमिनीवर पसरलेला जवळा, म्हणजे बारीक कोलंबीची सुकट. घाटावरचा मास्तर आला की पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावी, दुसऱ्या दिवशी उदबत्ती लावी आणि तिसऱ्या महिन्यात बदलीचा अर्ज लावी. गोरिवले गुरुजींनी यातलं काहीच केलं नाही. पहिलं वर्ष त्यांना जड गेलं, दुसऱ्या वर्षी सर्दीने नाक कायमचं चोंदलं आणि मग त्यांना वासाचा त्रास होईनासाच झाला. सवय झाली, असं ते समजले. मंडळी, माणसाला स्वतःबद्दल चांगलं समजायला फार पुरावा लागत नाही.

आणि गुरुजींनी तर त्याचा अभिमानच धरला. सुट्टीत गावी गेले की ओटीवर बसून सांगायचे, ''आमच्या आधीचे सगळे नाकाने कांदे सोलणारे. मी नाही तसा. माणसाने माणसात राहायचं तर वासाचं काय घेऊन बसायचं?'' ऐकणारे माना डोलवायचे आणि जरा मागे सरकून बसायचे. त्यांची बायको मंदा गावी सासू-सासऱ्यांपाशी असे. वर्षातून दोनदा नवरा यायचा. त्यांच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षापासून ती म्हणू लागली होती, ''तुम्हाला आत उकडतं, ओटीवर झोपा.'' गुरुजी ओटीवर झोपायचे. बायको आपली किती काळजी करते, असंही त्यांना वाटायचं.

नाकाची तक्रार त्यांना होती, नव्हती असं नाही. सकाळी नाकातून हिरवट काळ्या खपल्या निघायच्या, कधी रक्ताचा ठिपका यायचा. डोकं जड व्हायचं. त्यावर त्यांनी ओव्याची पुरचुंडी हुंगली, वेखंडाची धुरी घेतली, नाकात तूप सोडलं आणि शेवटी तपकिरीची डबी जवळ बाळगली. सर्दीच ती, सर्दीने काय कोण मरतं! दूध उतू जाऊन करपलं तरी त्यांना कळायचं नाही, धूर डोळ्याला लागला की कळायचं. ते स्वतःशीच हसायचे.

शिकवायचे मात्र मनापासून. हे कबूल केलंच पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट सोपी होईल, आणि ती सोपी नाही. चौकच्या पोरांना पाढे तोंडपाठ झाले, पोरी शाळेत येऊ लागल्या. त्यात हौसाबाईची सुलू. हौसाबाई मासळी विकणारी, तिचा नवरा बाळाराम समुद्रावर जाणारा. सुलू दहा वर्षांची, चौथीत. तोंडी हिशेबात ती गुरुजींच्या आधी उत्तर देई. गुरुजींनी तिला टेबलाला लागून पहिल्या ओळीत बसवलं होतं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला चौकातून आजवर कोणी बसलं नव्हतं, सुलूला बसवायचं त्यांनी ठरवलं होतं. हौसाबाईला त्यांनी तसं बोलूनही दाखवलं होतं, आणि ती माउली तेव्हापासून बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटली होती.

सदुसष्टच्या ऑगस्टमध्ये डिपटीसाहेब तपासणीला आले. साहेब टेबलापाशी खुर्चीवर बसले, गुरुजी शेजारी उभे राहिले. पाच मिनिटांत साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला तो काढलाच नाही. खिडकी उघडायला सांगितली. मग दुसरीही. शेवटी वर्गासमोरच म्हणाले, ''गोरिवले, तुमच्या वर्गात वास फार येतो हो. असह्य आहे.''

गुरुजींचा चेहरा उतरला. चार वर्षं केलेल्या कामाचं चीज होणार म्हणून ते नवी टोपी घालून उभे होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. टेबलाला लागून बसली होती सुलू. तिच्या परकराला जवळ्याचे दोन कण चिकटलेले होते. गुरुजी ओशाळं हसले आणि म्हणाले, ''कोळ्यांची मुलं, साहेब. सांगतो मी, पण घरीच स्वच्छतेची सवय नाही, त्याला काय करणार?''

साहेबांनी शेऱ्यात स्वच्छतेबद्दल एक ओळ लिहिली. ती ओळ गुरुजींच्या जिव्हारी लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाईंदरहून लाल साबणाची वडी आणली आणि सगळ्या वर्गासमोर सुलूच्या हातात दिली. ''रोज अंग घासून आंघोळ करायची. मगच शाळेत यायचं. वास गेला की पुन्हा पुढे बस, तोवर दाराशी बसायचं.'' रागावून नाही हं, अगदी प्रेमाने म्हणाले. आपण पदरमोड करून साबण दिला याचं त्यांना समाधानही वाटलं.

वर्ग असा गप्प झाला की बाहेर वलांडीवर बसलेल्या कावळ्यांची फडफड ऐकू आली. एरवी ही पोरं कोणी शिंकलं तरी हसायची. त्या दिवशी एक पोर हसलं नाही. सगळी एकदा सुलूकडे, एकदा गुरुजींकडे बघत होती. शिस्त लागली म्हणायची, असं गुरुजींच्या मनात आलं. सुलूने वडी घेतली, पाटी उचलली आणि ती दाराशी जाऊन बसली.

मग रोज सकाळी हजेरीनंतर प्रश्न, ''सुलू, आंघोळ केलीस?'' सुलू म्हणे, ''हो गुरुजी.'' आणि गुरुजी मान हलवत. कारण ती पाटी दाखवायला टेबलाशी आली की आजूबाजूची पोरं श्वास धरून उभी राहत, हे त्यांना दिसत होतं. म्हणजे वास अजून आहे. म्हणजे पोरगी खोटं बोलते. दाराशी बसून तिला फळा दिसत नव्हता. दिवाळीपर्यंत ती आली. दिवाळीनंतर आली नाही. गुरुजींनी महिनाभर वाट पाहिली आणि नाव कमी करताना रजिस्टरात कारण लिहिलं, पालकांची अनास्था. अक्षर फार सुरेख होतं त्यांचं.

पुढे एकोणसत्तरच्या जानेवारीत एके दिवशी वर्गात शिकवताना गुरुजींनी नाक शिंकरलं आणि रक्ताची धार लागली. रुमाल भिजला, सदरा भिजला, थांबेना. पोरं ओरडत बाहेर पळाली. बाळाराम तेव्हा किनाऱ्यावर जाळं विणत बसला होता, तो धावत आला. त्याने गुरुजींना धरून एसटीत घातलं आणि भाईंदरला स्टेशनाजवळच्या गुजराती डॉक्टरकडे नेलं. गर्दीच्या गाडीत तो सगळी वाट गुरुजींना चिकटून बसला, त्यांचं डोकं त्याच्या खांद्यावर. दुसरं कोणी त्या बाकावर बसायला आलं नाही.

डॉक्टरांनी नाकात कापसाची वात घातली, रक्त थांबवलं, मग उठून पंखा लावला. ''मास्तर, किती वरस झाली ह्याला?''

''सर्दीला? तीन-चार वर्षं.''

''घरी कोण असतं तुमच्या?''

''इथे कोणी नाही. मी एकटाच.''

''तरीच,'' डॉक्टर म्हणाले. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली आणि नजर टाळून म्हणाले, ''जा नक्की. टाळू नका.''

हॉस्पिटलात नाक-कान-घशाचे मोठे डॉक्टर होते. कपाळावर गोल आरसा. त्यांनी गुरुजींना स्टुलावर बसवलं, नाकपुडी चिमट्याने फाकवली, आत उजेड पाडला आणि हाक मारून आठ-दहा विद्यार्थी बोलावले. डॉक्टर होऊ घातलेली तरणी मुलं-मुली. ती रांगेने आली, एकेक जण वाकून बघू लागला. पहिल्याने श्वास धरला. दुसऱ्याने बाहीने नाक दाबलं. तिसरी मुलगी बघून बाजूला गेली आणि खिडकीपाशी उभी राहिली. आणि मोठे डॉक्टर इंग्रजी-मराठी मिसळून शिकवत होते, चांगलंच शिकवत होते, मास्तरला मास्तर ओळखू येतो. ''याला आपल्याकडे पीनस म्हणतात. नाकाच्या आतलं अस्तर सुकतं, नाक आतून पोकळ होतं, खपल्या साठतात, त्या कुजतात. दुर्गंधी इतकी, की खोलीत दुसरा माणूस बसू शकत नाही. पण गंमत बघा. वास घेणाऱ्या नसाच मेलेल्या असतात, त्यामुळे रोग्याला स्वतःला काही म्हणजे काही कळत नाही. ज्याचा वास, तो सोडून सगळ्यांना येतो.''

गुरुजींना पुढचं ऐकू आलं नाही. स्टुलावर बसल्या बसल्या एकेक गोष्ट उलगडत गेली. डिपटीसाहेबांचा रुमाल. एसटीतलं मोकळं बाक. टेबलाशी श्वास धरून उभी राहणारी पोरं. मंदाने ओटीवर घातलेलं अंथरूण. आणि दाराशी बसलेली सुलू. चोर सोडून संन्याशाला सुळी दिलं होतं, आणि चोर खुर्चीवर बसून न्याय करत होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या स्टुलावर कळलं. विद्यार्थी गेले तरी त्यांना मान वर करता येईना.

डॉक्टरांनी औषध दिलं ते इतकं साधं की गुरुजींना रडू यायचं बाकी राहिलं. सोडा, टाकणखार आणि मीठ यांची पूड. कोमट पाण्यात मिसळायची, रबरी पिचकारीत भरायची, परातीवर वाकून तोंड उघडं ठेवून एका नाकपुडीत सोडायची. पाणी घशात उतरू नये म्हणून सोडताना 'क, क, क' म्हणत राहायचं. खपल्या सुटल्या की ग्लिसरीनमध्ये विरघळवलेल्या ग्लुकोजचे थेंब घालायचे. सकाळ-संध्याकाळ, बहुधा जन्मभर. वास जाईल. वास घ्यायची शक्ती परत येईल असं मात्र सांगता येत नाही. नाहीच भागलं तर ऑपरेशन आहे.

गुरुजींनी पथ्य पाळलं. दार लावून घेऊन सकाळ-संध्याकाळ 'क, क, क'. भिंतीपलीकडे पहिलीची पोरं तेच अक्षर गिरवायची. महिन्याभरात फरक पडला. त्यांना स्वतःला कळायचा मार्ग नव्हता, पण पाटी दाखवायला आलेलं पोर आता टेबलाशी टेकून उभं राहायचं, घाईने मागे सरायचं नाही. औषधाचा गुण त्यांनी पोरांच्या चेहऱ्यावर वाचला. जितका गुण येई तितकी त्यांची मान खाली जाई.

हौसाबाईचं घर शाळेपासून दोनशे पावलांवर. तिथे जायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. फेब्रुवारीत नाही झालं. मार्चमध्ये नाही झालं. दिवसातून दोनदा नाकात पिचकारी मारणं जमलं, दोनशे पावलं जमेनात. रोज खिडकीतून दिसायची सुलू, बारा वर्षांची, डोक्यावर पदर घेऊन उन्हात जवळा पसरणारी. गुरुजी खिडकीकडे पाठ करून शिकवू लागले. आणि मग त्यांनी काय केलं असेल? बदलीचा अर्ज केला. गावाकडची शाळा मागितली, आईवडील म्हातारे झाल्याचं कारण दिलं. मला त्यांचा राग येतो तो इथे. अज्ञानात केलेलं पाप देव माफ करत असेल, पण कळल्यावर काढलेला पळ कोणत्या खात्यात घालायचा?

एप्रिलच्या मधल्या आठवड्यात हुकूम आला. बदली मंजूर. एक मे रोजी इथून मोकळं व्हायचं. हुकूम हातात आला आणि गुरुजींना पहिल्यांदा वाटलं, आता जाता येईल. जाणाऱ्या माणसाला बोलायला सोपं असतं. बोलायचं आणि एसटीत बसायचं. त्याच संध्याकाळी, ऊन कलल्यावर, ते हौसाबाईच्या अंगणात गेले.

हौसाबाई कोयती घेऊन मासे साफ करत होती. लगबगीने उठली, हात धुतले, पाट मांडला. सुलू पलीकडे सुकलेला जवळा टोपलीत भरत होती. तिने एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली बघितलं.

गुरुजी पाटावर बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, ''हौसाबाई, माझी बदली झाली. जाण्याआधी एक सांगायचंय. वर्गात वास यायचा तो सुलूचा नव्हता. माझा होता. मला नाकाचा रोग होता. मला कळला नाही हो. मी तुमच्या पोरीला...''

हौसाबाई हळूच म्हणाली, ''आमाला म्हाईत व्हतं, गुरुजी.''

''काय?''

''अवो, आमी मासळीचे मानसं. कालचा मासा कंचा नि आजचा कंचा, ते नाकानंच वळखताव. मासळीचा वास येगला नि तुमचा येगला. दुसऱ्या वर्सालाच सगल्या गावाला समजलं.''

''मग कोणीच कसं बोललं नाही मला?''

''पंच बसले व्हते त्याच्यावर. बोलले, मास्तरला कोन काय बोलायचं न्हाय. आजवर सगले मास्तर आमच्या वासानं पलाले. ह्यो एक टिकला. त्याला सांगितलं तर लाजंनं जाईल, मंग पोरांना कोन शिकवल? पोरांना पन दम दिला, घरात बोला, शालेत तोंड उघडू नका.'' हौसाबाईने पदराने तोंड पुसलं. ''तुमी सुलूला साबन दिला ना, तवा ही घरी येऊन लय रडली. बोलली, आये, मी सांगते गुरुजीला. मी बोलली, न्हाय. तुज्यापायी गावाचा मास्तर जाईल. बस दाराशी, काय मरत न्हाय. मीच बोलली तसं.''

धरणीने पोटात घ्यावं असं गुरुजींना वाटलं. चार वर्षं ते आपल्या गावी जाऊन फुशारकी मारत होते की मी यांचा वास सोसला. आणि हे अख्खं गाव पंच बसवून त्यांचा वास सोसत होतं, पोराबाळांसकट, अवाक्षर न काढता, आणि वर नारळीपौर्णिमेनंतरच्या पहिल्या मासळीतला वाटा दारात आणून देत होतं. मोठं मन कोणाचं, ते आता कळायला डॉक्टर नको होता.

''झालं गेलं गुरुजी,'' हौसाबाई म्हणाली. ''तुमाला बरं वाटतंय ना? मंग झालं. च्या टाकते.''

तेवढ्यात सुलू उठली. टोपली तशीच खाली ठेवून दोन पावलं पुढे आली. ''गुरुजी, तुमी जाताव?''

''हो बाळ. एक तारखेला.''

''मंग मी दाराशी कशाला बसली?''

हौसाबाई ''सुल्ये!'' म्हणून ओरडली, पण पोरगी हलली नाही. ''गावाला मास्तर पायजे म्हनून मी गप बसली. पोरं बोलायची, सुलीला वास येतो, सुलीला वास येतो. त्यांना पन म्हाईत व्हतं कुनाचा, तरी बोलायची. माजी परीक्षा गेली, शाला गेली. आन आता तुमी जाताव? मंग सगलं फुकटच ना?''

ज्या पाटावर गुरुजी बसले नव्हते त्यावर ते आता बसले. बारा वर्षांच्या मुलीपुढे त्यांना आपलं सगळं शिक्षण, टोपी, सुरेख अक्षर, सगळं फोल वाटलं. मग ते म्हणाले, ''नाही जात मी.''

''मला नका सांगू,'' सुलू म्हणाली. ''साबन सगल्यांच्या म्होरं दिलात. तितं सांगा.''

त्यांनी त्याच संध्याकाळी बदली रद्द करण्याचा अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर खुर्चीमागे उभे राहिले, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि चारही इयत्तांना सांगितलं. माझ्या नाकाला रोग होता, घाण वास माझ्या नाकातून यायचा, मी तो सुलूच्या माथी मारला, सुलू रोज आंघोळ करून येत होती आणि खरं बोलत होती. काय झालं आणि औषध काय, तेही सांगितलं. आयुष्यात इतकं अवघड त्यांनी काही शिकवलं नव्हतं.

मग पहिल्या ओळीतला धाकू नावाचा सहा वर्षांचा पोर, ज्याला पंचांचं काही ठाऊक नव्हतं, उभा राहिला आणि समजूत घालावी तसा म्हणाला, ''आता न्हाय येत, गुरुजी.''

कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा वर्ग हसला. मोकळं, मायेचं हसू होतं ते, पाच वर्षं दाबून ठेवलेलं. गुरुजीही हसले आणि हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं, माफी मिळाली. बातमी द्यावी तसे ते खिडकीकडे वळले.

वाळवणावर सुलू ओणवी होऊन जवळा उलटा करत होती. खिडक्या उघड्या होत्या, सगळं ऐकू गेलं असणार. ''सुलू,'' गुरुजींनी हाक मारली, ''ये गं. जागा आहे तुझी.''

ती थांबली. हाताच्या पंज्याने कपाळावरचा घाम पुसला. ''आईची खेप भाईंदरला जायचीय,'' ती म्हणाली. ''उलटा न्हाय केला तर जवला खराब होईल.'' आणि ती पुढच्या ओळीला लागली.